मुलाबाळांसह म्हैसुरास उतरतांना

कुटुंबासह प्रवासास निघावयाचें म्हटलें कीं पूर्वीं पहिला प्रश्न असे तो, ‘तेथें आपलें कोण आहे?’ हा. मावशीचे दीर, मामेबहिणीचें सासर, वडिलांच्या कचेरींतील जुने स्नेही, यांपैकीं कोणी ना कोणी निघावयाचेंच. आणि अगदींच कोणी न निघालें तर धर्मशाळा होतीच. आज नातलगांचीं घरें दोन-तीन खोल्यांचीं झालीं, त्यांच्याकडील स्त्री-पुरुष दोघेंही सकाळीं आठास कामावर जातात, आणि आठ माणसांचें बिऱ्हाड घेऊन त्यांच्या दारांत उभें राहणें आपल्यालाच प्रशस्त वाटत नाहीं. अर्थात् हॉटेलांत उतरणें आलें. परंतु हॉटेल निवडण्याची विद्या आपल्याकडे कोणी कोणास शिकविलेली नाहीं. आम्हांस ती म्हैसुरास शिकावी लागली, आणि तिची किंमत केवळ एका दुपारच्या धास्तीवर भागली हें आमचें भाग्य.

आम्ही आठ जण होतों. मातोश्री, आम्ही उभयतां, धाकटे बंधु व भावजय, आमचा सहा वर्षांचा बंडू, तीन वर्षांची चिमी, आणि भावजयीचें अकरा महिन्यांचें बाळ. म्हैसूर निवडलें तें विचार करूनच. पुण्याहून मिरज, बेळगांव, हुबळी या मार्गानें थेट आगगाडी जाते. गांव समुद्रसपाटीपासून सुमारें ७५० मीटर उंचीवर, त्यामुळें हवा मुलांस मानवणारी. इडली, पोंगल आणि दहीभात हे तेथील नित्याचे पदार्थ, म्हणजे लहान मुलाच्या पोटाची चिंता निम्म्यानें कमी. शहर निवडतांना एवढा विचार करणाऱ्या आम्हीं उतरण्याची जागा निवडतांना मात्र तो सर्व गुंडाळून ठेविला. बंधूंनीं संगणकाच्या पडद्यावर एका भव्य हॉटेलाचीं छायाचित्रें दाखविलीं: पांचव्या मजल्यावरील प्रशस्त खोली, सज्ज्यांतून चामुंडी टेकडीचें दर्शन, खालीं निळाशार पोहण्याचा तलाव, न्याहारीस चाळीस पदार्थ. आम्ही सर्वच भुललों. हॉटेल गांवाबाहेर सात किलोमीटरांवर आहे ही गोष्ट तेथें लिहिलेली होती. ती वाचूनही आम्हीं वाचली नाहीं. सज्ज्याचें चित्र टेकडीकडे तोंड करून काढलेलें होतें, त्यांत कठडा दिसत नव्हता. तो कसा आहे हें विचारण्याचें कोणालाच सुचलें नाहीं.

तो आडव्या गजांचा होता, शिडीच्या पायऱ्यांसारखा.

पोंचलों त्याच दुपारची गोष्ट. प्रवासानें सर्वच आंबलेले. सौ. व भावजय पेट्या उघडीत होत्या, आम्ही खालीं कचेरींत ओळखपत्रें दाखवीत होतों, मातोश्री पलंगावर कलंडल्या होत्या. सज्ज्याच्या दाराची कडी चिमीच्या हातास येईल इतक्या खालीं होती. मातोश्रींनीं डोळे उघडले तेव्हां ती दुसऱ्या गजावर उभी राहून, छातीपर्यंतचें अंग कठड्याबाहेर टाकून, खालच्या माळावरील शेळ्यांना हांका मारीत होती. मातोश्री ओरडल्या नाहींत. त्या उठल्या, अनवाणी पावलांनीं मागून गेल्या आणि तिला कमरेशीं धरून उचलून आंत आणलें. आम्ही वर आलों तेव्हां खोलींत कोणीच बोलत नव्हतें. चिमी तेवढी शेळ्यांसाठीं हट्ट धरून रडत होती. व्यवस्थापकास सांगितलें, तर ‘दार लावून ठेवावें’ एवढेंच सौजन्यपूर्ण उत्तर मिळालें. त्या रात्रीं दारास पेट्यांची चळत लावून आम्ही निजलों, म्हणजे पडून राहिलों.

बाकीच्या अडचणी त्यामानानें लहान. पण लहान मुलांच्या प्रवासांत लहान अडचणीच दिवस खातात. बाळ पहांटे पांचास उठे. न्याहारीचे चाळीस पदार्थ साडेसातास उघडत, आणि तोंवर पेलाभर दूध मिळण्याची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशीं प्राणिसंग्रहालय पाहावयास गेलों. तें १८९२ सालीं चामराजेंद्र वडियार महाराजांनीं स्थापिलेलें असून, आंतील वृक्षांची छाया पाहूनच जीव निवतो. जिराफ पाहून बंडू तर जागचा हलेना. परंतु साडेअकराच्या सुमारास बाळाची झोपेची वेळ झाली, चिमीचे पाय दुखूं लागले, आणि बिऱ्हाड सात किलोमीटर दूर! परत जावें तर संध्याकाळीं पुन्हां येणें व्हावयाचें नाहीं. न जावें तर मुलें झोपावयाचीं कोठें? भावजयीनें एका बांकावर लुगड्याची सावली करून बाळास निजविण्याचा यत्न केला. तो साधला नाहीं, आणि सायंकाळचा राजवाडाही राहिला. (हें संग्रहालय मंगळवारीं बंद असतें, दोनच दिवस हातीं असणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.)

तिसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं बिऱ्हाड हलविलें. आगाऊ भरलेल्या पैशांपैकीं कांहीं बुडाले. त्याचें दुःख बंधूंनीं दोन दिवस केलें.

नवी जागा स्टेशन व राजवाडा यांच्या दरम्यान, एका आडव्या गल्लींत होती. एक जुना दुमजली लॉज. भिंतींचा रंग उडालेला, आरशाचा एक कोपरा फुटलेला. पण तळमजल्यावर मध्यें अंगण, अंगणाभोंवतीं खोल्या, खिडक्यांना उभे गज आणि तेही जवळजवळ. आम्हांस शेजारच्या दोन खोल्या मिळाल्या, मधून जाणारें दार असलेल्या. एकत्र कुटुंबास एका मोठ्या खोलीपेक्षां अशा दोन लहान खोल्या शतपटीनें सोयीच्या. एकींत मुलें निजलीं कीं दुसरींत मोठ्यांस दिवा लावून बोलतां येतें. पलंग भिंतीस सारून आम्हीं खालीं गाद्या मागितल्या, म्हणजे रात्रीं कोणी पडेल ही धास्ती नको. स्वयंपाकघर सहास सुरू होई, आणि दुधासाठीं आचाऱ्यास एकदां सांगून ठेवल्यावर तो पांचासही चूल पेटवी. न्हाणीघरांत फवारा नव्हता, बादली होती. आम्हांस प्रथम तें उणें वाटलें, पण सौ.नीं दाखवून दिलें कीं बादलींतल्या पाण्यांत कोंपर बुडवून पाहतां येतें. बंबाचें पाणी साठ अंशांचें असलें तर कोवळी कातडी क्षणांत भाजते. गरम-गार अशा दोन्ही पाण्यांच्या एकाच नळाशीं तीन वर्षांच्या मुलास क्षणभरही एकटें सोडूं नये.

खरा फरक पडला तो दिवसाच्या घडणींत. सकाळीं एकच स्थळ पाहावयाचें, अकरापर्यंत परत, जेवण, मग चारपर्यंत मुलांची झोप; चारनंतर ताज्या तोंडाचीं मुलें घेऊन पुन्हां बाहेर. स्टेशनाजवळच रेल्वेचें संग्रहालय आहे, १९७९ सालचें; तेथें राजघराण्याचा जुना डबा आणि मुलांस बसवून फिरविणारी चिमुकली गाडी. बंडूस तेथें आम्हीं दोनदां नेलें, कारण दहा मिनिटांचेंच काम होतें. देवराज मार्केटांत फुलांच्या राशी पाहिल्या. त्याच्या शेजारून जाणाऱ्या रस्त्यास बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचें नांव आहे हें वाचून मातोश्रींना माहेरचें माणूस भेटल्यासारखें झालें. त्यांचें बालपण बडोद्याचें.

येथें एक सूचना. दक्षिणेंत ‘हॉटेल’ अशी पाटी दिसली म्हणून पेट्या उतरवूं नयेत. तेथें खोली मिळेलच असें नाहीं, बहुधा इडली मिळेल. निजावयास हवें तर ‘लॉज’ शोधावा. आणि जागा ठरविण्यापूर्वीं छायाचित्रांवर न जातां दूरध्वनीवर प्रत्यक्ष बोलावें. खोली कितव्या मजल्यावर, खिडकीस गज आहेत का, सज्जा असल्यास कठड्याचे गज उभे कीं आडवे, आणि त्यांमधील अंतर दहा सेंटिमीटरांहून कमी आहे ना, हें विचारण्यांत संकोच कसला? उत्तर देणारा हंसला तर हंसूं द्यावें. शेजारीं कल्याणमंडप, म्हणजे लग्नाचें कार्यालय, आहे का हेंही विचारावें. असलें तर मध्यरात्रीपर्यंत नादस्वर ऐकण्याची तयारी ठेवावी. आमचें मत असें कीं पोहण्याचा तलाव ही लहान मुलांची सोय नव्हे; तो आणखी एक पहारा आहे. दसऱ्याच्या दिवसांत मात्र हें सर्व विचारूनही उपयोग नाहीं. खोल्या फार आधींच भरतात, दर चढतात, आणि त्या गर्दींत मूल कडेवरून खालीं ठेवतां येत नाहीं.

शेवटचा दिवस रविवारचा होता. दुपारीं राजवाडा आंतून पाहिला. जोडे बाहेर ठेवावे लागतात, आणि फरशी थंड असल्यानें मुलें खूष. पूर्वींचा लांकडी वाडा १८९७ सालीं राजकन्येच्या विवाहप्रसंगीं जळाला आणि हा नवा १९१२ सालीं पुरा झाला, असें सांगतांच बंडूनें विचारलें, ‘मग लग्न झालें कीं नाहीं?’ रविवारीं रात्रीं थोडा वेळ सबंध वाड्यावर दिवे लावतात, सुमारें एक लाख. ते एकदम लागले तेव्हां साऱ्या पटांगणांतून एकच ‘हा’ उमटला. बाळ दचकून जागें झालें, दिव्यांकडे पाहत राहिलें, आणि पुन्हां भावजयीच्या खांद्यावर निजलें. चिमी मातोश्रींचा हात धरून उभी होती. मातोश्रींनीं तो त्या दुपारपासून फारसा सोडलाच नव्हता. दिवे मालवण्यापूर्वींच आम्ही निघालों आणि गर्दी लोटण्याच्या आधीं बिऱ्हाडीं पोंचलों. आचाऱ्यानें दूध झांकून ठेविलें होतें.