थाप पडल्यावर

पखवाजावर हात कधी पडला हे यंत्राला कळतं. तो उठला की तिथेच राहिला, हे कळत नाही. दुकान बंद केल्यावर रात्री मी जे काम करतो, ते सगळं या दोन वाक्यांमधल्या फटीत अडकलेलं आहे.

कुडाळात माझं इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं दुकान आहे. अॅम्प्लिफायर, मिक्सर, कीबोर्ड, ऑक्टोपॅड. गणपती जवळ आले की आत पाय ठेवायला जागा नसते. पण माझा जीव आहे तो मिडीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यं ज्या भाषेत एकमेकांशी बोलतात तिच्या, सॉफ्टवेअरमध्ये. भजनी मंडळांसाठी मी लेहऱ्याचे, तानपुऱ्याचे, एका कीबोर्डवरून दुसरं मॉड्यूल वाजवायचे प्रोग्राम लिहीत आलो. सूर आकड्यात बांधलेला, लय आकड्यात बांधलेली. असं काम सुखाचं असतं. आबांचा खांदा गेला आणि ते सुख संपलं.

आबा आमच्या मंडळाचे पखवाजी, मालवण तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावातले. डबलबारीत, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या सामन्यात, गजर चढला की त्यांच्या डाव्या हाताची थाप मंडपाबाहेर रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत लागायची. सत्तरी ओलांडल्यावर आधी उजवा खांदा धरला, मग डावं मनगट. बोल स्वच्छ, लय जशीच्या तशी, फक्त हातात जोर उरला नाही. माईक वाढवावा तर तो शिट्टी मारतो आणि शेजारच्या झांजा आत शिरतात. त्यांचा हात धडधाकट असताना, एका वेगळ्याच कामासाठी, मी त्यांचा एकेक बोल दुकानात पंखा बंद करून रेकॉर्ड करून ठेवलेला होता. तेव्हा विचार सरळ होता. दोन्ही चामडी पुड्यांच्या कडेला ठोका टिपणारे पीझो सेन्सर लावायचे, ठोक्याचा मिडी संदेश करायचा आणि आबांच्या आजच्या हलक्या हाताने आबांचीच जुनी थाप वाजवायची.

मिडीत ठोक्याच्या जोराला एक आकडा मिळतो, 1 ते 127. हात किती वेगाने आला, एवढंच तो सांगतो. हा करार झाला तो कीबोर्डवाल्यांमध्ये. 1983 च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-600 आणि रोलंडचा ज्युपिटर-6 एका तारेने जोडून दाखवले, आणि एका कंपनीच्या पट्टीवर दुसऱ्या कंपनीचा सूर वाजला. त्यामागे असलेल्या डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी या दोघांना त्याबद्दल 2013 साली तांत्रिक ग्रॅमी मिळालं. दोघेही आता नाहीत. त्यांनी ठरवलेले बाइट मात्र माझ्या टेबलावर रोज धावतात. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. पण पट्टी दाबली की सूर सुरू, सोडली की बंद, हा त्यांचा जगाचा हिशेब. पखवाजाचं तसं नाही. तिथे हात उचलला की सूर मोकळा होतो आणि हात ठेवला की मिटतो. डावीकडचा ‘ग’ आणि ‘क’ यांच्यातला फरक ठोक्यानंतर हात काय करतो यात आहे, आणि यंत्राला उत्तर त्याआधीच द्यायचं असतं.

उजव्या हाताचं कोडं तुलनेने लवकर सुटलं. शाई असलेल्या पुडीचे वरचे स्वर सुरेल पटीत येतात हे सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी 1920 मध्येच ‘नेचर’मध्ये दाखवलेलं आहे. मोकळा ‘ता’ असेल तर हे स्वर चार-पाच मिलिसेकंदांत रांगेला लागताना दिसतात, बंद ‘ति’ असेल तर दिसत नाहीत. डावीकडे शाईऐवजी ओली कणीक. सूर खाली, खूप खाली. 80 हर्ट्झचा घुमारा धरला तर त्याचा एक हेलकावा पूर्ण व्हायलाच साडेबारा मिलिसेकंद लागतात, आणि एक हेलकावा पाहिल्याशिवाय तो घुमतो आहे की नाही हे कोणताही प्रोग्राम सांगू शकत नाही. हे गणित चुकवता येत नाही.

साडेबारा मिलिसेकंद म्हणजे काय? आवाज हवेतून तेवढ्यात सव्वाचार मीटर जातो. समोर बसून गाणाऱ्या बुवांना तेवढा उशीर जाणवणारही नाही, त्यांना तो तसाही हवेने होतोच. वाजवणाऱ्याला मात्र जाणवतो, कारण त्याच्या तळव्याला चामडं लागलेलं असतं. मिडीची तीन बाइटची ओळ जायला एक मिलिसेकंदही लागत नाही, लॅपटॉपचा बफर 128 नमुन्यांवर आणला की त्याचे तीन. ते सगळं मी खरवडून काढलं. उरला तो घुमाऱ्याचा स्वतःचा वेळ. आणि गजरात लय चढून मिनिटाला 240 मात्रा झाल्या, मात्रेत चार अक्षरं पडू लागली, की दोन अक्षरांत अंतरच साडेबासष्ट मिलिसेकंदांचं. त्यातले बारा नुसते विचारात घालवायचे?

एक पळवाट दिसली. धडधाकट हाताचा ‘क’ आणि ‘ग’ पहिल्या दोन मिलिसेकंदांतच वेगळे दिसतात. बंद थाप चपटी आणि कोरडी पडते. माझ्या जुन्या रेकॉर्डिंगवर प्रोग्राम बसवला तेव्हा तो झकास चालला. आबांच्या आजच्या हाताखाली त्याला काही ओळखू येईना. हात थकला की दोन्ही बोल सुरुवातीला एकसारखे दिसतात आणि फरक मागाहून उमटतो. ज्याच्यासाठी यंत्र करायचं त्याच्याच हाताला यंत्र ओळखत नव्हतं.

मग मी बोल मधोमध चिरला. ठोका पडताक्षणी फक्त त्याचं तोंड वाजवायचं, जे ‘क’ आणि ‘ग’ दोन्हींना चालेल, तेवढ्या वेळात मागे पुडी काय करते ते बघत राहायचं, आणि मग घुमारा जोडायचा किंवा मिटवायचा. मिटवायला मिडीत सोय आहे, एकेका सुराचा नंतरचा दाब कळवणारा संदेश. इलेक्ट्रॉनिक ड्रमवर झांज हाताने धरून गप्प करतात, ती बहुतेकदा याच संदेशाने. कीबोर्डवाले सहसा त्याच्याकडे बघतही नाहीत. मला तो सापडला तेव्हा मी घरच्यांना उठवून सांगितलं.

पण सांधा. तोंड आणि घुमारा जिथे जोडतो तिथे एक चीर ऐकू यायची. मंडपात कोणाला ऐकू आली नसती, मला यायची आणि आबांना यायची. आबांनी पहिल्यांदा वाजवून बघितलं आणि तळवा पुडीवर तसाच ठेवून म्हणाले, “झिला, मी हात ठेवलंय, तरी ह्या वाजताच आसा.” मग थोडा वेळ थांबून, “ह्या माझा नाय.” आवाज त्यांचाच होता, त्यांच्याच हातातून घेतलेला. पण त्यांच्या म्हणण्यावर मला उत्तर नव्हतं.

त्या चिरेपायी माझा पावसाळा गेला. पावसाळ्यात इकडे पखवाज रोज वेगळा असतो. खाऱ्या ओल्या हवेत पुडी सैल पडते, गठ्ठे ठोकावे लागतात, पीझोचा गोंद सुटतो, पिनांना हिरवा गंज धरतो. सकाळी बसवलेली मर्यादा संध्याकाळी लागू पडत नाही. त्यात लाईट गेली की जनरेटर, आणि जनरेटरवर यूएसबीच्या तारेने लॅपटॉपमधून स्पीकरमध्ये घरघर येते. जुन्या पाच पिनांच्या मिडी तारेत मधे प्रकाशाचा दुवा असतो, वीज थेट पलीकडे जातच नाही, म्हणून घरघरही जात नाही. नव्या उपकरणांतून ती पाच पिनांची जागा काढून टाकणाऱ्यांनी एकदा तरी देवळाच्या मंडपात, जनरेटरवर, भर जत्रेत साउंड लावून बघावा.

2020 मध्ये मिडी 2.0 आलं. जोराला 127 ऐवजी 65 हजारांहून अधिक पायऱ्या. मित्र म्हणाले, आता तुझं काम सोपं झालं. नाही झालं. ठोक्याचा जोर कितीही बारीक मोजा, ठोक्यानंतरचा हात त्यात येत नाही.

ज्यांच्यावर माझा राग आहे ते वेगळेच लोक आहेत. कीबोर्डमध्ये तयार ठेके भरून भजनाला बसणारे, आणि त्यांना ते भरून देणारे. बुवा शब्द ओढतात, समोरच्याला टोला हाणायला मधेच थांबतात, मागे साथ देणारे झिलकरी एक ओळ जास्त घेतात, आणि ठेका आपला आपल्या चालीने चाललेला असतो. मग बुवाच ठेक्याच्या मागे धावायला लागतात. दशावतारात ट्रिकसीन आली तिथेही मला हेच खटकतं. रोषणाई, धूर, राक्षसाचा गडगडाट, याला माझी हरकत नाही. पण दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट रंगात आला की एक प्रसंग अर्धा तास चालतो, आणि पायपेटीवाला त्याच्या तोंडाकडे बघत सूर धरून बसतो. पेन ड्राइव्हवरच्या आवाजाला तोंडाकडे बघता येत नाही. माझं सॉफ्टवेअर त्या जातीचं नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो, आणि लोक मला त्यांच्यातच धरतात याचा मला त्रास होतो.

अहंकारही आहे, तो सांगायला हवा. माघी गणपतीच्या एका बारीला आबा हे यंत्र लावून बसले. गजर रंगला. समोरच्या मंडळाचा पखवाजी मान हलवत होता, म्हाताऱ्याच्या हातात अजून दम आहे, असं शेजाऱ्याला सांगत होता. कोणाला काही कळलं नाही याचा मला केवढा आनंद झाला! आणि कोणाला काही कळलं नाही याचंच दुःख घेऊन मी घरी आलो. बुवांनी माईकवरून माझं नाव घ्यावं असं मला फार वाटत होतं. घेतलं असतं तर आबांचं सगळं उघडं पडलं असतं, हे माहीत असूनही वाटत होतं. अजूनही वाटतं.

पुढे मी त्या दिवसाच्या नोंदी लॅपटॉपवर उघडल्या, प्रत्येक ठोका, प्रत्येक दाब, वेळेसकट. सांधा बरा वाजत होता, मी खूश होतो. मग नीट बघितलं. बारीच्या सुरुवातीला मोकळ्या थापेनंतर आबांचा हात जितक्या वेळाने सुटत होता, त्यापेक्षा शेवटी लवकर सुटत होता. बंद बोलावर ते गरजेपेक्षा जास्त दाबत होते. यंत्राला पटकन कळावं म्हणून. पन्नास वर्षांचा हात त्यांनी एकाच संध्याकाळी माझ्या प्रोग्रामच्या सोयीने वळवला होता, आणि मला एका शब्दाने बोलले नव्हते.

ती आवृत्ती मी वापरातून काढली. नव्या आवृत्तीत मर्यादा मी ठरवत नाही. बसताना आबा चार-सहा बोल सावकाश वाजवतात, त्यावरून त्या दिवशीचा हात आणि त्या दिवशीची पुडी प्रोग्राम शिकतो, आणि घुमाऱ्याचा निर्णय घ्यायला मी त्याला पूर्ण एक हेलकावा देतो. चीर थोडी परत आली आहे. आबांना ती चालते, हात वाकवावा लागत नाही म्हणून. मला चालत नाही.

त्यांचा नातू पखवाज शिकतो. त्याला या तारांचा मोह आहे. जोर न लावता मोठी थाप येते म्हटल्यावर कोणाला नसेल? आबांनी त्याच्या पखवाजाला पीझो लावू दिला नाही, आणि मीही आग्रह धरला नाही. त्याचा हात अजून तयार व्हायचा आहे.

आता दाब मोजणारी पातळ पट्टी डाव्या पुडीच्या कडेखाली बसवून बघायची आहे. तळवा पुडीवर थांबला की नाही, हे घुमाऱ्याला न विचारता थेट तळव्यालाच विचारायचं. वरून लावली तर कणकेच्या ओलीने चार दिवसांत कुजते, म्हणून आतून, वादीच्या खाली. त्यासाठी पुडी उतरवावी लागते आणि आबा चालू पखवाजाला हात लावू देत नाहीत. माळ्यावरचा एक जुना त्यांनी काढून दिला आहे. तो मढवायला टाकलाय. मढवणारा म्हणतो, ऊन चांगलं पडल्याशिवाय चामडं ताणणार नाही.