साथीचा शिष्टाचार

वाद्यवृंदांतील दोघे वादक एकमेकांवर कुरघोडी करूं लागतात आणि सारी मैफल कोसळते, हा विनोदी चित्रपटांतील फार जुना प्रसंग आहे. लॉरेल व हार्डी यांच्या १९२८ सालच्या 'यू आर डार्न टूटिन' या मूकपटांत दोघे बँडवाले असा गोंधळ घालतात कीं बँडमास्तर हैराण होतो व दोघांचीही नोकरी जाते. गंमत अशी कीं, मूकपटांत त्यांचा बेसूर आपल्या कानीं पडतच नाहीं. तरी हंसूं येतें. म्हणजे हें हंसूं चुकलेल्या सुराचें नव्हे, मोडलेल्या मर्यादेचें आहे.

हिंजवडीस आमच्या घरीं तीनही पिढ्या हा चित्रपट पाहून पोट धरधरून हंसल्या. पण गेल्या गणेशोत्सवांत तोच प्रकार घरांत घडला, तेव्हां कोणाला हंसूं आलें नाहीं. काकू नाट्यपद म्हणत होत्या व पुतण्या तबल्याच्या साथीस होता. त्याचा हात चांगला आहे. काकूंनीं अंतरा उचलला न उचलला तोंच त्यानें तिहायांचा सपाटा लावला. आयटी पार्कांतील त्याच्या मित्रांनीं टाळ्या वाजविल्या. काकूंनीं पद तेथेंच आवरलें, आणि पुढें कितीही आग्रह केला तरी त्या गायल्या नाहींत.

साथीचा नियम साधा आहे. गायक आलाप घेत असतां तबलजीनें ठेका सांभाळावा. गायक मुखड्यावर थांबून जागा देईल तेव्हां आपलें कसब दाखवावें व समेवर दोघांनीं भेटावें. अहमदजान थिरकवा हे एकलवादनाचे बादशहा. पण गंधर्व नाटक मंडळींत तेच बालगंधर्वांच्या पदांना साथ करीत. ज्याच्यापाशीं पुष्कळ आहे, त्याच्याच संयमाला किंमत असते.

मात्र ही मर्यादा एकतर्फी नसावी. साथीदाराला कधींच जागा न देणारा, त्याचें नांवही न घेणारा गवईसुद्धां शिष्टाचार मोडतोच. दाबून ठेवलेला हात संधी मिळतांच उसळतो. आमच्या पुतण्याला त्या सायंकाळीं आधीं पांच मिनिटें स्वतंत्र वाजवूं दिलें असतें, तर काकूंचा अंतरा बहुधा पुरा झाला असता. एकत्र कुटुंबांत कर्त्या माणसांनीं ध्यानांत ठेवावें असें यांत बरेंच आहे.