जिन्यावरची सफरचंदं

पूर्व लंडनमध्ये बेथनल ग्रीनला भाच्याकडे उतरलो होतो. पहिल्याच दिवशी बॅग सांभाळत जिना चढत होतो, तेवढ्यात तळमजल्यावरचे ऐंशीच्या घरातले आजोबा ओरडले, "माइंड द ॲपल्स, मेट!" मी दचकून पायाखाली पाहिलं. सफरचंद सोडा, सालसुद्धा नव्हती. वर पोचल्यावर भाचा हसून म्हणाला, "मामा, जिना जपून चढा म्हणाले ते."

जिन्याला इंग्रजीत म्हणतात स्टेअर्स. त्याला यमक पेअर्स. म्हणून जिना झाला 'ॲपल्स अँड पेअर्स'. इथपर्यंत सगळं बडबडगीतासारखं, सरळ. खरी चलाखी पुढे आहे. बोलताना या लोकांनी पेअर्स खाऊन टाकलं. लग्न जमलं की मध्यस्थाला विसरावं, तसा यमक जुळवणारा शब्दच गायब! उरलं ते ॲपल्स. त्याचं जिन्याशी नातं ना अर्थाचं, ना आवाजाचं. परक्याने कितीही डोकं खाजवलं तरी व्यर्थ.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी मला 'माय ओल्ड चायना' म्हणून हाक मारली. माणूस देश चुकतोय असं वाटून मी भारतातून आल्याचं नम्रपणे सांगितलं. ते खो खो हसले. मेट म्हणजे दोस्त, त्याचं यमक 'चायना प्लेट', त्यातली प्लेट फुटली आणि चायना उरला. त्या क्षणापासून आजोबा माझे मास्तर झाले. बघणं म्हणजे 'लुक', यमक 'बुचर्स हुक', म्हणून "जरा बुचर्स घे". डोकं म्हणजे 'हेड', यमक 'लोफ ऑफ ब्रेड', म्हणून डोकं चालव म्हणायचं तर "पाव वापर"! पाय म्हणजे नुसत्या 'प्लेट्स', कारण 'फीट'शी 'प्लेट्स ऑफ मीट'मधलं 'मीट' जुळतं. रात्री ब्रिक लेनवर जेवायला निघालो, तर म्हणाले, "रुबी खायला चाललात?" रुबी मरी ही बेलफास्टची गायिका. 1955 साली एका आठवड्यात तिची पाच गाणी ब्रिटनच्या पहिल्या विसांत होती. मरीशी करी जुळली, आणि ही बाई रश्शात कायमची विरघळली. काही शब्दांची फोड मात्र आजोबांनी भाच्याची बायको स्वयंपाकघरात गेल्यावरच केली. तोंडाने वात्रट आवाज काढणं याला सभ्य इंग्रज 'रास्पबेरी' म्हणतात. 'रास्पबेरी टार्ट'मधल्या टार्टशी नेमकं काय जुळतं, हे त्यांतल्या अनेकांना ठाऊकच नसतं.

ही बोली साधारण 1840 च्या दशकातली. 1859 साली जॉन कॅमडेन हॉटन या लंडनच्या प्रकाशकाने आपल्या कोशात तिची यादी छापली आणि तिचं श्रेय रस्त्यावर गाणी आणि चोपडी विकणाऱ्या फिरस्त्यांना दिलं. कोणी म्हणतं, पोलिसांना कळू नये म्हणून चोरांनी ती रचली; कोणी म्हणतं, गिऱ्हाइकासमोर भाव ठरवायला बाजारवाल्यांनी. आपल्याकडे व्यापाऱ्यांची नंदभाषा होती आणि शाळेत आपण 'च'ची भाषा बोलायचो, त्यामुळे मला दुसरं कारण चटकन पटलं. पण आजोबांकडे पाहून वाटलं, लपवण्याची गरज केव्हाच संपली. उरली आहे ती निव्वळ मौज.

ही बोली बोलणारा तो कॉकनी. खरा कॉकनी कोण? तर 'बो बेल्स' ऐकू येतील अशा टापूत जन्मलेला. या घंटा बो नावाच्या वस्तीत असतील म्हणून मी तिकडे निघालो, तर भाच्याने अडवलं. त्या आहेत चीपसाइडच्या सेंट मेरी-ल-बो चर्चमध्ये. इथेही नामसाधर्म्याने चकवलंच! 1941 च्या बॉम्बहल्ल्यात त्या पडल्या आणि नव्या वाजल्या त्या थेट 1961 मध्ये. काटेकोर बोलायचं तर मधल्या वीस वर्षांत एकही कॉकनी जन्मला नाही. आजोबा 1943 चे. हा हिशेब मी त्यांना सांगितला नाही.

निघायच्या दिवशी त्यांना किल्ली सापडेना. कपाळावर हात मारून म्हणाले, "आय'म गोइंग डूलॅली!" मला वेड लागत चाललंय. मी सवयीने यमक शोधू लागलो. लागेना. भाच्याने फोनवर शोधून माझ्यापुढे धरलं आणि मी उडालोच. डूलॅली म्हणजे आपली नाशिकजवळची देवळाली! मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशाच्या जहाजाची वाट पाहत तिथल्या छावणीत महिनोन्महिने पडून असायचे आणि कंटाळ्याने, उन्हाने काहींची डोकी फिरायची. मूळ शब्द 'डूलॅली टॅप', आणि हा टॅप म्हणजे नळ नव्हे, ताप.

आजोबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, गाव खरंच इतकं वाईट आहे का? म्हटलं, नाही हो. मुंबईची माणसं तिथे पिढ्यान्‌पिढ्या हवापालटाला जातात.