जागच्या जागी

गेल्या महिन्यात माझ्या हाताखालच्या मुलीनं माझ्याच सी कोडमधली जुनी ओळ काढली. खात्याचा पॉइंटर नल आला तर निमूट शून्य व्याज परत द्यायचं, अशी ती ओळ. तिथे तिनं असर्ट घातलं: पॉइंटर नल असेल तर प्रोग्राम तिथेच थांबवायचा. संध्याकाळपर्यंत टेस्टिंगमध्ये प्रोग्राम तीनदा पडला. "सर, हे आधीपासूनच चुकत होतं," ती म्हणाली.

मला राग आला. वीस वर्षं मी मिरवत होतो, की माझा प्रोग्राम पडत नाही. पडणार कसा? मी पडूच देत नव्हतो. मग महिनाअखेरीला एखाद्या पतसंस्थेत बेरीज जुळायची नाही आणि आम्ही रात्र रात्र रिपोर्टचं मॉड्यूल उसवत बसायचो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पडलाच नाही, तर पडतानाची मेमरी जपणारा कोअर डंप कुठला? चुकलेलं फंक्शन केव्हाच परतलेलं असायचं.

पण पडायचं कुठे, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. 4 जून 1996 ला एरियान 5 या रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात 64 बिटांचा आकडा 16 बिटांत मावला नाही. दिशा सांगणारा संगणक नियमाप्रमाणे स्वतःहून बंद झाला. राखीव संगणकात तोच कोड. तो क्षणभर आधीच बंद पडलेला. बंद होताना पाठवलेली बिघाडाची माहिती मुख्य संगणकानं उड्डाणाचे आकडे समजून वाचली. उड्डाण सुरू झाल्यापासून सुमारे 40 सेकंदांत रॉकेट वाकडं वळलं आणि फुटलं. ज्या गणितात तो आकडा मावला नाही, ते उड्डाणानंतर लागतच नव्हतं.

म्हणजे नुसतं पडून भागत नाही. पडणारा लहान हवा, आणि तो पडला हे ओळखणारा दुसरा कुणी हवा. एर्लँग ही प्रोग्रामिंगची भाषा घडवणाऱ्यांपैकी एक, जो आर्मस्ट्राँग, हेच सांगत राहिले.

हल्ली सर्व्हरवर प्रोग्राम कंटेनरमध्ये चालवतात; तो पडला की बहुधा आपोआप उठतो. का पडला, हे कुणी विचारत नाही. तोवर अनेकदा लॉगही पुसलेला असतो. ही सोय मला माझ्या शून्याचीच धाकटी बहीण वाटते.

त्या मुलीचा बदल मी मंजूर केला. दंडव्याजाच्या फंक्शनमध्ये तशीच आणखी एक ओळ आहे. ती मात्र मी तिला अजून दाखवलेली नाही.