फ्यूज आधी, बीएमएस नंतर

"ताई, बीएमएस किती अँपिअरचा टाकू?" पुण्याजवळच्या संत तुकाराम नगरातल्या ओळखीच्यांकडून हल्ली हा प्रश्न वरचेवर येतो. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी बसली, डिस्टिल्ड वॉटर टाकायचा कंटाळा आला, की माणूस लिथियमकडे वळतो. भोसरी-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात सेल, बसबार, केबल मिळवणं अवघड नाही, आणि घरात नाही तर शेजारी कुणीतरी कंपनीत मेंटेनन्सला असतंच. मग बॅटरी बँक घरीच बांधायचं ठरतं. हे धाडस मला मनापासून आवडतं. पण बीएमएसच्या (सेलवर नजर ठेवून गरज पडली की बँक तोडणाऱ्या बोर्डाच्या) प्रश्नाला उत्तर देण्याआधी मी विचारते, घरात चालवायचं काय आहे?

याच वस्तीत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, डी. वाय. पाटील रुग्णालयही आहे. दवाखान्यातून घरी सोडलेल्या रुग्णाला कधी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. पाच लिटरचं यंत्र साधारण 350 वॅट घेतं. वीज कंपनीच्या देखभालीच्या गुरुवारी चार तास वीज नसली, तर 1,400 वॅट-अवर हवेत. चार सेलची, 12.8 व्होल्ट 150 अँपिअर-अवरची बँक कागदावर 1,920 देते. तळाचे दहा टक्के राखले आणि इन्व्हर्टरमध्ये पंधरा टक्के गेले असं धरलं, की हातात 1,470च्या आसपास उरतात. एक पंखा जोडला की गणित फिसकटतं. अशा घरी मी 200 अँपिअर-अवरच्या खाली जाऊ देत नाही.

सेल घ्यायचे ते लिथियम आयर्न फॉस्फेटचे. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने, अक्षय पाधी हे पहिले लेखक असलेल्या शोधनिबंधातून, 1997 साली हे रसायन जगापुढे मांडलं. यातला ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, तापल्यावर सहज सुटत नाही. म्हणून निकेल-कोबाल्टच्या सेलपेक्षा हा सेल भडकायला खूप अवघड. 2022 मध्ये देशभर विजेवरच्या स्कूटरी पेटल्या, त्यांत पुण्यातलीही एक होती. त्यानंतर दुचाकी-तिचाकींच्या बॅटरीसाठीचं एआयएस-156 हे मानक कडक झालं आणि डिसेंबर 2022 पासून टप्प्याटप्प्याने लागू झालं. स्कूटरची बॅटरी त्या चाचण्यांतून जाते. घरी बांधलेल्या बँकेची चाचणी बांधणाऱ्यानेच घ्यायची असते, म्हणून पुढच्या प्रत्येक बारकाव्याचा मी एवढा आग्रह धरते.

पहिली गाठ पडते ती जुन्या इन्व्हर्टरशी. लेड-ॲसिडसाठी बनवलेला इन्व्हर्टर साधारण 10.5 व्होल्टला बंद होतो, आणि त्याच्या जरा आधी पीं पीं करतो. चार सेलच्या लिथियम बँकेत 10.5 म्हणजे सेलमागे 2.6 व्होल्ट. त्यातला एखादा अशक्त सेल 2.5 वर आधीच पोचलेला असतो. बीएमएस तोडतो आणि कसलाही इशारा न मिळता घर अंधारात. रुग्णाच्या घरी हे चालणार नाही. 12 व्होल्टला इशारा, 11.6च्या सुमाराला बंद, असं सेटिंग करता येणारा इन्व्हर्टरच घ्यावा. वरच्या टोकालाही हीच काळजी: सेलची कमाल 3.65, म्हणजे बँकेची 14.6. ट्युब्युलर मोडमध्ये काही इन्व्हर्टर त्याच्याही वर चढतात. मी 14.2 वर थांबवते. रोज बीएमएसच तोडत असेल, तर चार्जर चुकीचा लावलाय असं समजावं. बीएमएस शेवटची राखण आहे, रोजचा ब्रेक नव्हे.

आता वायर. 12 व्होल्टच्या बँकेतून 80 अँपिअर ओढायचे आहेत, बॅटरी ते इन्व्हर्टर अंतर दोन मीटर, म्हणजे जाऊन-येऊन चार. 6 स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीत जवळजवळ एक व्होल्ट पडतो आणि 75 वॅटच्या आसपास उष्णता वायरीतच मुरते. 25 स्क्वेअर एमएम घातली की ही उष्णता वीस वॅटच्या आत येते. लग हातोडीने ठोकून बसवू नयेत. षट्‌कोनी डाय असलेलं क्रिंपिंग टूल भाड्याने आणावं. सेलचं टर्मिनल ॲल्युमिनियमचं असतं, त्यावर ऑक्साइडचा थर धरतो. बारीक एमरीने घासून लगेच बसबार बसवावा आणि टॉर्क रेंचने आवळावा. एका सांध्यात एक मिलिओहम जरी राहिला, तरी 100 अँपिअरला तिथे दहा वॅट जळतात.

फ्यूज बँकेच्या पॉझिटिव्हला अगदी खेटून हवा. मोठ्या सेलचा अंतर्गत रोध पाव मिलिओहमच्या घरात असतो, त्यामुळे शॉर्ट झाला तर हजारो अँपिअर वाहतात. बीएमएसमधले करंट तोडणारे मॉसफेट जळताना बरेचदा शॉर्ट होऊनच बसतात, मग तोडायला कुणी उरत नाही. 16 सेलच्या 51.2 व्होल्टच्या बँकेला तर घरातला साधा एमसीबी मुळीच नको. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तिथे ठिणगी विझते. डीसीत ती संधी नाही. डीसी रेटिंग छापलेला एचआरसी फ्यूजच घ्यावा.

एवढं झालं की बीएमएस. 80 अँपिअर लागत असतील तर 150चा. बंद डब्यात, एप्रिल-मेच्या उकाड्यात छापील आकडा टिकत नाही. तापमानाचा सेन्सर सेलला चिकटवलेला हवा. सगळे सेल सारखे भरणाऱ्या बॅलन्सिंगच्या जाहिरातींना भुलू नये. 50 मिलिअँपिअरच्या पॅसिव्ह बॅलन्सरला पाच अँपिअर-अवरचा फरक काढायला शंभर तास लागतात खरे, पण इन्व्हर्टरची बँक बहुतेक वेळ भरलेलीच असते. जुळवलेले नवे सेल असतील तर तेवढं पुरतं. जुन्या, मिसळलेल्या सेलना मात्र ॲक्टिव्ह बॅलन्सर द्यावा.

प्रत्येक सेलचे व्होल्ट बीएमएसला कळवणाऱ्या सेन्स वायरींचा प्लग सगळ्यात शेवटी. चार सेलना पाच वायरी, सोळांना सतरा. प्लग बीएमएसमध्ये घालण्याआधी मल्टीमीटरची काळी पिन पहिल्या पिनवर धरून लाल एकेक पुढे सरकवायची: 3.3, 6.6, 9.9, 13.2. चढण कुठे अडली किंवा उडी मारली, तर तिथे वायर सुटलीय किंवा अदलाबदल झालीय. तसाच खुपसला तर बोर्ड जागीच जातो.

मग रुग्णाला जोडण्याआधी तेवढाच लोड तासभर दुसऱ्या उपकरणाने चालवावा, आणि प्रत्येक सांध्यावर तापमानाची गन धरावी. शेजारच्या सांध्यांपेक्षा एखादा पाच-सात अंशांनी जास्त दिसला, तर बँक बंद करून तोच उघडावा, घासावा, पुन्हा आवळावा आणि लोड पुन्हा लावावा. महिन्याने सगळे बोल्ट एकदा तपासावेत.