गाडीचें दुखणें

दोष दुसऱ्याच्या पदरीं टाकणें जितकें सोपें, तितकेंच तो खरोखर कोठें आहे हें शोधून काढणें कठीण. ही गोष्ट आम्हीं शाळेंत असतां पुष्कळदां ऐकली होती. परंतु तिचा अर्थ आम्हांस उमगला तो धुळ्याच्या आग्रा रोडवरील एका गॅरेजांत, आणि तोहि एका जुन्या मोटारीच्या कृपेनें. ती हकीकत बालवाचकांस व त्यांच्या पालकांस सादर करावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

सन १९९८ चा मे महिना होता. आम्ही त्या वेळीं कॉलेजांत शिकत होतों व सुटींत धुळ्यास काकांकडे आलों होतों. काकांजवळ एक प्रीमियर पद्मिनी होती. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीची ही मोटार त्या काळीं मध्यम स्थितींतील कुटुंबांचें भूषण असे. ती हांकण्यास आप्पा अकरा वर्षें आमच्याकडे होते. आप्पा साक्रीकडचे, बोलणें अहिराणी आणि तेंहि मोजकें.

मालेगांवचें एक लग्न आटोपून आम्ही सर्व परत येत होतों. लळिंगचा किल्ला दिसूं लागला, रस्ता चढूं लागला, आणि गाडीचा दम उखडला. एरवीं जो चढ ती हंसत चढे, तेथें दुसरा गियरहि पुरेना. इंजिन थरथरे, आणि कांद्यांनीं भरलेले ट्रकसुद्धां आम्हांस मागें टाकून जात. कसेबसे आम्ही घरीं पोंचलों.

काकांनीं उतरतां उतरतांच निदान केलें: पेट्रोलांत रॉकेल! आणि तें घालणारे आप्पाच, वांचलेलें पेट्रोल विकण्यासाठीं. आप्पांनीं मान खालीं घातली. "मन्हा काही दोष नही, भाऊ," एवढेंच ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून येऊं नये, असें त्यांस सांगण्यांत आलें. किल्ली ओट्यावर ठेवून ते चालूं लागले. आम्ही तेथेंच उभे होतों. आम्ही कांहीं बोललों नाहीं.

दुसऱ्या दिवशीं गाडी गॅरेजांत नेली. मिस्त्री वयस्क होते. काकांनीं रॉकेलाची गोष्ट काढतांच ते म्हणाले, "साहेब, आधीं नाडी पाहूं द्या, औषध मग ठरवूं." त्यांनीं थोडें पेट्रोल तळहातावर घेऊन हुंगलें, तें चांगलें होतें. चारी प्लगांवर ठिणगी बरोबर पडत होती. कार्बोरेटरहि साफ होता. "आतां कॉम्प्रेशन पाहावें लागेल," ते म्हणाले.

कॉम्प्रेशन म्हणजे काय, हें समजण्यास सायकलचा पंप पुरे. त्याच्या तोंडावर अंगठा घट्ट धरून दांडा दाबला, तर आंतील हवा अंगठ्यास जोरानें ढकलते. अंगठा सैल पडला कीं जोर गेला. इंजिनांतील दट्ट्या असाच पेट्रोलमिश्रित हवा दाबतो आणि मग ठिणगी पडते. हवा आंत घेणें, दाबणें, पेटविणें व बाहेर टाकणें, या चार खेपांवर चालणारें इंजिन जर्मनींत निकोलाउस ऑटो यानें १८७६ सालीं यशस्वी करून दाखविलें. दाब नसेल तर स्फोटांत बळ नाहीं. आपल्या खानदेशांतील विहिरींवरच्या ऑईल इंजिनांस तर ठिणगीहि नसते; दाबाच्या उष्णतेनेंच तेल पेटतें. म्हणूनच शेतकरी आधीं दाब सोडण्याचा खटका उघडून हँडल गरगर फिरवितो, आणि वेग येतांच तो खटका पाडतो. दाब उतरलेलें इंजिन त्याच्या हाताला लगेच कळतें.

मिस्त्रींनीं इंजिन गरम करून चारी प्लग काढले. एकेका सिलिंडरच्या भोंकांत दाबमापक बसवून त्यांनीं आम्हांस ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावयास सांगितलें. पहिल्या सिलिंडरांत कांटा १२५ पौंडांपर्यंत चढला. दुसऱ्यांत ६० वर थांबला. तिसऱ्यांत तसाच ६० वर. चौथ्यांत पुन्हां १२०. मिस्त्रींनीं आंकडे खडूनें भिंतीवर लिहिले.

मग त्यांनीं दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरांत एक एक चमचा इंजिन ऑईल सोडलें. "दट्ट्याच्या रिंगा झिजल्या असतील, तर हें तेल फट बुजवील आणि कांटा वर जाईल." पुन्हां सेल्फ मारला. कांटा जागचा हलला नाहीं. म्हणजे रिंगा निर्दोष. उरल्या झडपा, किंवा हेडखालचें गॅस्केट. ते म्हणाले, "एकच सिलिंडर उतरला असता, तर झडपेचा संशय घेतला असता. येथें शेजारी शेजारी दोन उतरले आहेत. दोघांमधली भिंत पडली असावी." नुसत्या तर्कावर विसंबावयाचें नाहीं, म्हणून त्यांनीं दुसऱ्या सिलिंडरांत हवेची नळी जोडली आणि तिसऱ्याच्या भोंकावर कागदाचा एक कपटा धरला. हवा सोडतांच कपटा उडाला.

"गॅस्केट जळलें," मिस्त्री म्हणाले. "हें रॉकेलाचें काम नव्हे. एवढ्यांत गाडीला उकळी फुटली होती काय? तापलेल्या इंजिनांत कोणीं थंड पाणी ओतलें होतें काय?"

काका म्हणाले, "छे!" आणि आमचे पाय मात्र जागच्या जागीं गार पडले.

दहा दिवसांपूर्वीं, काका गांवीं नसतां, आम्ही दोघां मित्रांसह गाडी घेऊन सोनगीरला गेलों होतों. तेथील तांब्यापितळेचीं भांडीं पाहावयाचीं, हें निमित्त. खरें कारण मित्रांपुढें मिरविण्याचें. परततांना भर दुपारीं उष्णतेचा कांटा तांबड्या रेघेवर गेला. मित्र हंसतील म्हणून आम्ही थांबलों नाहीं. शेवटीं बॉनेटमधून वाफ निघाली, तेव्हां शेजारच्या मळ्यांतून बादली आणून तें थंड पाणी तसेंच रेडिएटरमध्यें ओतलें. त्यानें हेड वांकतें, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. घरीं येऊन गाडी स्वच्छ पुसली आणि कोणापाशीं चकार शब्द काढला नाहीं.

आतां गप्प बसणें शक्य होतें. गॅस्केट कशानें तरी जळलें, असें म्हणून प्रकरण मिटलें असतें. परंतु भिंतीवरचे ते चार आंकडे आमच्याकडेच पाहत आहेत, असें वाटूं लागलें. आम्हीं काकांस सर्व सांगितलें. ते रागावले नाहींत. फार वेळ कांहीं बोललेच नाहींत. नंतर म्हणाले, "हेड उघडलें कीं आपण दोघे आप्पांकडे जाऊं. तूं तुझी चूक सांग, मी माझी सांगतों."

हेड उघडलें. दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरांमधील गॅस्केटची अरुंद पट्टी जळून काळी पडली होती. हेडची वांकलेली बाजू लेथवाल्याकडून सपाट करून घेतली आणि नवें गॅस्केट बसविलें.

त्याच संध्याकाळीं आम्ही पांझरेपलीकडील आप्पांच्या खोलीवर गेलों. आम्हीं हात जोडून सर्व कबूल केलें. काकांनींहि क्षमा मागितली. आप्पांनीं आम्हांस खाटेवर बसविलें, पाणी दिलें आणि विचारिलें, "गाडी बरी व्हयनी का?" परंतु ते दुसऱ्या दिवशीं आले नाहींत. तिसऱ्या दिवशींहि नाहींत. चौथ्या दिवशीं आले, किल्ली घेतली आणि पाण्याचें झांकण उघडून पाहूं लागले. ते तीन दिवस आम्हांस अद्यापि आठवतात.

बालमित्रहो, यंत्र खोटें बोलत नाहीं. पण त्यास प्रश्न धीरानें आणि क्रमानें विचारावे लागतात. मिस्त्रींनीं एकेक शंका तपासून बाजूस सारली, तेव्हां दोष सांपडला. आम्हीं मात्र तपासाआधींच एका मनुष्यास दोषी ठरूं दिलें, आणि तेंहि त्यास निर्दोष ठरविणारी गोष्ट आमच्याच पोटांत असतां. इंजिनांतील फट नव्या गॅस्केटनें बुजली. विश्वासांत पडलेली फट बुजण्यास मात्र पुढें कित्येक महिने लागले.