कोळसे साडेचारला पेटवायचे



मागच्या वर्षी आम्ही व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ नॅशनल पार्कमध्ये तंबूत राहिलो, तेव्हा सासूबाई माझ्यामुळे उपाशी झोपल्या. ते आज लिहितेय.

मी नवा डच ओव्हन नेला होता. बिडाचं जाड भांडं, खाली तीन पाय, झाकणाला उभी कड. निखारे खालीही ठेवायचे आणि झाकणावरही. पास्ता, भाज्या, पाणी सगळं एकाच भांड्यात. वेळ मात्र मी पाकिटावरची धरली, १२ मिनिटं! कोळसे फुलायला २० मिनिटं लागतात, मग बीड तापायचं, पाणी उकळायचं, हे हिशेबात घेतलंच नाही. ताट वाढलं तेव्हा सूर्य मावळला होता. सासूबाईंचा चौविहार. "मुलांना वाढ गं," एवढंच म्हणाल्या आणि पाण्याचा घोटही न घेता आडव्या झाल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

यंदा सप्टेंबरअखेर परत गेलो. या वेळी हिशेब सूर्यास्तापासून उलटा मांडला. सूर्यास्त साधारण सातला. सासूबाई त्याआधी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं, जेवण आटोपतात. म्हणून ताट पावणेसहाच्या आत आणि कोळसे साडेचारला.

लाकडं घेतलीच नाहीत. सालीखाली किडे-मुंग्या असतात. कोळशाच्या वड्यांत ती भीती नाही, आणि उजेडीच सगळं विझवलं की जाळावर पतंगही येत नाहीत.

आमच्या पाच जणांचं प्रमाण सांगते. १२ इंची भांड्याखाली १५-१६ फुललेले निखारे. तेलात जिरं, हिंग, मग सहा टोमॅटो बारीक चिरून, ढोबळी मिरची, मक्याचे दाणे. लसणाची उणीव हिंगाने भरून निघते. टोमॅटो मऊ झाले की सव्वा लिटर गरम पाणी. तापलेल्या बिडात गार पाणी ओतू नका, तडा जाऊ शकतो. उकळी आली की ४५० ग्रॅम पास्ता, मीठ, ओरेगॅनो. झाकण ठेवून वर सात-आठ निखारे. मधूनमधून तळापासून हलवायचं, नाहीतर खाली धरतो.

पास्ता बिनअंड्याचा आहे ना, ते पाकिटावर वाचा. बाटलीतल्या सॉसमध्ये बहुतेकदा कांदा-लसूण असतो. आणि खऱ्या पार्मेजानो चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. मी घरचं पनीर किसून नेलं होतं.

निखारे मोजायचं काम लेकीकडे होतं. दर पाच मिनिटांनी ती आकाशाकडे बघून विचारायची, "आई, आजी जेवेल ना आज?"

साडेपाच वाजून गेले आणि ताट वाढलं. सासूबाईंनी एक घास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अजून थोडा वाढ." मागच्या वर्षाचं त्यांनी काही काढलं नाही, मीही नाही.

पाणी पिऊन त्यांनी पच्चक्खाण घेतलं. मी निखारे विझवत होते, तेव्हा मागून आवाज आला, "अगं, उद्या नवकारशीला यात उपमा होईल का?"

होईल आई. कोळसे कधी पेटवायचे, ते आता मला कळलंय.